प्लीटेड स्कर्ट घरी शिवायचाय? आधी कापड, मग हिशोब, मशीन सगळ्यात शेवटी

प्लीटेड स्कर्ट म्हटलं की घरी शिवणाऱ्या बऱ्याच जणी मागे सरतात. गळे, बाह्या, अस्तराचे ब्लाऊज सहज शिवतात पण प्लीट्स नको म्हणतात. खरं तर यात अवघड शिलाई एकही नाही, सगळ्या सरळ टिपा, मुंढा नाही, गोलाई नाही. जे काही अवघड आहे ते मशीनवर बसायच्या आधीच असतं, म्हणजे कापड कुठलं घ्यायचं आणि ते किती घडीत किती जाणार याचा हिशोब. एवढं नीट झालं आणि इस्त्रीचा कंटाळा केला नाही की स्कर्ट बिघडायला जागाच उरत नाही.

इथे मी साध्या, एकाच दिशेला पडणाऱ्या प्लीट्सचा स्कर्ट सांगतेय, शाळेच्या युनिफॉर्मला असतो तसा, फक्त मोठ्यांच्या मापाचा आणि गुडघ्याच्या खाली येणारा. हा एक जमला की बॉक्स प्लीट वगैरे आपोआप समजतं कारण बॉक्स प्लीट म्हणजे समोरासमोर नाहीतर पाठीला पाठ लावून ठेवलेल्या दोन साध्या प्लीट्सच.

कापड घेताना

दुकानात गेल्यावर रंग बघायच्या आधी एक करा, कापडाचं टोक हातात घ्या, घडी घाला, घडीवरून नख दोनदा जोरात ओढा आणि सोडून द्या. रेघ तशीच राहिली तर ते कापड तुमच्या घरच्या इस्त्रीला दाद देणार. लगेच उसळून सपाट झालं तर एकतर त्यात पॉलिएस्टर जास्त आहे किंवा ताणणारा धागा आहे. मग टोक वर धरून बघा कसं पडतंय ते, खूप लिबलिबीत कापडाच्या प्लीट्स चालताना पायात घुटमळतात, खूप ताठ असेल तर कमरेपासून सगळं फुगून उभं राहतं. मधलं पाहिजे, घडी धरणारं पण वजनाने खाली येणारं.

आता यातली गोम अशी की कॉटन आणि लिनन घडी पटकन धरतात पण तेवढ्याच पटकन सोडतातही. बसलं की मागे चुरगळतात आणि धुतलं की सगळ्या प्लीट्स गेल्या, प्रत्येक धुण्यानंतर एकेक प्लीट पुन्हा इस्त्रीने बसवायची. पॉलिएस्टरचं उलटं, नखाने घडी पडत नाही, पण हा धागा उष्णतेने मऊ होतो आणि ज्या आकारात गार होईल तो आकार धरून ठेवतो. म्हणून एकदा नीट तापवून बसवलेली प्लीट धुण्यानेही जात नाही. जपानी डिझायनर इस्से मियाके यांनी १९९३ साली प्लीट्स प्लीज नावाचे कपडे आणले ते याच गुणावर, आधी मोठ्या मापाचा कपडा पॉलिएस्टरमध्ये शिवायचा आणि मग अख्खा कपडाच प्लीट करायचा, पिशवीत कोंबला तरी प्लीट्स तशाच.

मग या दोन्हीच्या मधलं कापड घेतलं की काम झालं! टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि कॉटनचं मिश्रण, किंवा पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं सूटिंग. शाळेचे स्कर्ट वर्षानुवर्षं यातच शिवले जातात त्याला कारण आहे, रोज वापरून, रोज बाकावर बसून, आठवड्यातून दोनदा धुऊनही घड्या बऱ्यापैकी टिकतात. साधारण ६५-३५ किंवा ६७-३३ असं पॉलिएस्टर जास्त असलेलं मिश्रण सर्रास मिळतं. पहिला स्कर्ट शिवणार असाल तर माझं ऐका आणि हेच घ्या, युनिफॉर्मच्या दुकानात नेव्ही, मरून, राखाडी, बाटली हिरवा असे रंग मिळतात आणि मोठ्यांच्या अंगावर ते छानच दिसतात.

बाकीच्यांचं थोडक्यात. जाडसर पॉपलीन आणि कॉटन ड्रिल चालतं, पण स्टार्च आणि इस्त्रीची तयारी ठेवा. लिनन दिसायला सुंदर आणि मला स्वतःला फार आवडतं, पण त्यात टोकदार प्लीटच्या मागे लागू नका, मोठ्या, सैल, कमी प्लीट्स घाला. लोकरी सूटिंग थंड जागी राहणाऱ्यांनी जरूर शिवावं, ओल्या फडक्याखाली इस्त्री केली की लोकर घडी इतकी छान धरते की बास, स्कॉटलंडचा किल्ट लोकरीचा असतो ते उगीच नाही. रेयॉन मात्र घेऊ नका, दुकानात हाताला मऊ लागतं म्हणून मोह होतो पण पाण्यात आटतं आणि प्लीट खाली येईपर्यंत मरून जाते. डेनिमला तीन थर एकावर एक आले की घरच्या मशीनची सुई रडते, तिथे समोर दोन आणि मागे दोन बॉक्स प्लीट एवढंच करा. होजिअरी, लायक्रा नको.

जॉर्जेट आणि साटनच्या त्या बारीक पंख्यासारख्या प्लीट्स घरी होत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. ते काम प्लीटिंगवाले करतात, जाड कागदाच्या दोन साच्यांमध्ये कापड दाबून वाफ देतात, मोठ्या शहरात कापड मार्केटच्या आसपास चौकशी केली की अशी माणसं सापडतात. तिथे कापड द्यायच्या आधी ते पॉलिएस्टरच आहे ना याची खात्री करा नाहीतर पैसे पाण्यात. खात्री कशी करायची तर कापडाच्या कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून सिंकवर पेटवा, कॉटन कागदासारखं जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून आखडतं आणि गार झाल्यावर कडक काळा मणी राहतो.

चेक्सचं कापड घेणार असाल तर चौकडा किती इंचांनी परत येतो ते टेपने मोजा. खाली आपण एका प्लीटला ६ इंच कापड धरणार आहोत, चौकडा ३ इंचांचा असेल तर दोन चौकड्यांत एक प्लीट बरोबर बसते आणि प्रत्येक प्लीटवर तीच रेघ त्याच जागी येते. चौकडा अडीच इंचांचा असेल तर प्लीट ५ किंवा साडेसात इंचांची करा, चौकडा काही आपल्या मापाने बदलत नाही, आपणच त्याच्या मापाने जायचं.

किती कापड लागेल

मापं दोनच, कंबर आणि सीट, म्हणजे नितंबांचा घेर. सीटचं माप सगळ्यात भरलेल्या जागी घ्यायचं आणि ती जागा कमरेपासून किती खाली आहे तेही लिहून ठेवायचं, बहुतेकींची ७ ते ८ इंचांवर येते.

प्लीट्सचा हिशोब नेहमी सीटवर करायचा, कमरेवर नाही. कमरेवर केलात तर सीटपाशी प्लीट्स उघड्या पडतात आणि सगळा स्कर्ट ताणलेला दिसतो. उदाहरण घेऊ. कंबर २९, सीट ३८. सीटमध्ये २ इंच लूज धरून ४०, कमरेत १ इंच धरून ३०. दिसणारी प्लीट २ इंचांची ठेवली तर सीटवर २० प्लीट्स. दर प्लीटला २ इंच दिसणारे आणि ४ इंच आत जाणारे, म्हणजे ६ इंच. २० गुणिले ६, १२० इंच. लूज धरलेल्या सीटच्या तिप्पट, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता कमरेला ४० चे ३० करायचेत, १० इंच घालवायचेत. २० प्लीट्समध्ये वाटले की प्रत्येकीला अर्धा इंच. म्हणजे तीच प्लीट सीटवर २ इंच दिसेल आणि कमरेपाशी दीड. डार्ट (फिटिंगसाठी शिवतात ती चुणी) नाही काही नाही, फिटिंग प्लीटच्या पोटातच निघून जातं, या स्कर्टमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच असेल तर तीन तुकडे जोडावे लागतील. स्कर्टची तयार उंची २६ धरली, त्यातला दीड इंच कमरपट्टीचा, राहिले साडेचोवीस, वर अर्धा इंच शिलाईला आणि खाली २ इंच दुमडीला, असे २७ इंच. तीन तुकड्यांचे ८१, वर पट्टीसाठी ४, म्हणजे ८५ इंच. कॉटन आटतं म्हणून अडीच मीटर घ्या. पन्हा ५८ असेल तर दोनच तुकडे पुरतात पण मग १२० इंच बसत नाहीत, तिथे आत जाणारं कापड ४ ऐवजी साडेतीन इंच करा, दर प्लीटला साडेपाच, २० प्लीट्सना ११०, पावणेदोन मीटर कापडात होऊन जातं. जाड कापडालाही आतला भाग असाच कमी ठेवलेला बरा कारण कमरेपाशी प्लीट्स एकमेकींवर चढतात आणि पोटावर जाड होतं.

कॉटन असेल तर कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून इस्त्री करायचंच, यात सूट नाही. टेरिकॉट आटत नाही म्हणतात तरी एकदा पाण्यातून काढा.

खणाचा किंवा साडीचा करायचा असेल तर

खणाचे स्कर्ट हल्ली खूप जणी घालतात आणि खणाच्या प्लीट्स बसतातही फार छान कारण कापडाला अंगचाच ताठपणा असतो. हातमागाच्या खणाचा पन्हा बऱ्याचदा तीसेक इंचच असतो, तेव्हा तुकडे पाडायचे नाहीत, कापड आडवं धरायचं. एका बाजूचा काठ खाली घेराला येईल, लांबी कमरेभोवती फिरेल. सव्वातीन मीटर घेतलं की १२० इंच एकसंध मिळतात, जोड एकच, आणि खाली दुमडायचं कामच नाही कारण काठ आहे. वर जो चारपाच इंचांचा भाग उरतो त्यात दुसरा काठ असतो, त्याची कमरपट्टी करा, काठाची पट्टी आणि काठाचा घेर, वेगळं काही लावायची गरज पडत नाही.

इरकल किंवा दुसऱ्या काठाच्या साडीचंही असंच. साडेपाच मीटरची साडी म्हणजे २१६ इंच, एक स्कर्ट होऊन लहान मुलीचाही निघतो. फक्त साडी उजेडासमोर धरून बघा, निऱ्यांच्या आणि बसायच्या जागी विरलेली असेल तर तो भाग सोडून द्यायचा, विरलेलं कापड प्लीटच्या कडेवर घासलं जातं आणि तिथेच फाटतं.

कापणं आणि खुणा

तीन तुकड्यांचं सांगते. जोड कुठे येतोय याकडे लक्ष हवं, तो दिसणाऱ्या भागावर आला की स्कर्ट घरगुती दिसतो. जोड प्लीटच्या आतल्या घडीत लपवायचा. त्यासाठी तुकड्याची रुंदी ६ च्या पटीत ठेवा, दोन तुकडे ४२ चे आणि एक ३६ चा, म्हणजे ७, ७ आणि ६ प्लीट्स, एकूण २०. यात दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच शिलाईचा मिळवून ४३, ४३, ३७ असं कापायचं. उभा धागा वरून खाली आला पाहिजे आणि प्रिंट एकतर्फी असेल तर तिन्ही तुकडे एकाच दिशेने.

दोन जोड शिवा, तिसरा उघडा ठेवा, म्हणजे १२० इंचांची एक लांब पट्टी हातात येईल. जोडांच्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून त्यांना इंटरलॉक करून घ्या. मग प्लीट्स घालायच्या आधी खालची दुमड शिवून टाकायची, हो, आधी. प्लीट्स घातल्यावर घेर दुमडणं म्हणजे नुसती डोकेदुखी आणि कधीच एकसारखं होत नाही. दुमडीत जिथे जोड येतो तिथला आतला मार्जिन कापून पातळ करा नाहीतर तिथे प्लीट फुगते. दोन्ही टोकांना चारेक इंच दुमड तशीच सोडा, शेवटचा जोड झाल्यावर पूर्ण करू. टेरिकॉटला मशीनची टीप चालते, खण सोडून चांगल्या कापडाला मी हाताने तुरपाई करायलाच सांगेन.

आता खुणा. कापड सुलट बाजूने टेबलावर किंवा जमिनीवर पसरा आणि टोकाच्या शिलाईच्या रेघेपासून दर २ इंचाला टेलरच्या खडूने खूण करत जा, २, ४, ६, ८ असं १२० पर्यंत. तीन ठिकाणी करायच्या, वर कमरेला, सीटच्या रेघेवर आणि खाली घेराला. आधी कोपऱ्यात खडू लावून झटकून बघा, काही कापडांवर रंगीत खडूचा डाग राहतो.

२ ते ४ हा दिसणारा भाग, ४ ते ६ आत, ६ ते ८ आत, मग ८ ते १० पुन्हा दिसणारा. म्हणजे ४ वर घडी घालून ती घडी ८ वर नेऊन ठेवायची, १० ची घडी १४ वर, १६ ची २० वर, असंच शेवटपर्यंत. ही झाली सीटपासून खालची गोष्ट. कमरेपाशी मात्र ४ ची घडी ८ च्या अर्धा इंच पुढे न्यायची, म्हणजे साडेआठवर, आणि तिथून सीटपर्यंत हळूहळू मूळ खुणेवर आणायची. घडी स्वतः उभ्या धाग्यावरच राहू द्या, फक्त ती ठेवायची जागा सरकवायची. घडीच तिरकी घातली तर ती उरेब, म्हणजे तिरक्या, कापडावर येते आणि धुतल्यावर लोंबते.

वरून टाचण्या, सीटवर टाचण्या, खाली टाचण्या, आणि मग कच्चा धावदोरा घालून घ्या. टाचण्यांवर भरवसा ठेवून थेट मशीनवर जाऊ नका. कमरेला एक रांग, सीटवर एक, गुडघ्यापाशी एक. दोरा वेगळ्या रंगाचा पण फार गडद नको, इस्त्रीत रंग उतरतो. झालं की पट्टी अंगाभोवती गुंडाळून आरशात बघा, सीटपाशी प्लीट्स मिटलेल्या दिसल्या पाहिजेत. उघडत असतील तर आत्ताच दर प्लीटमध्ये दोऱ्याएवढं सोडा, २० प्लीट्स आहेत, एकेकीत अगदी थोडं सोडलं तरी बरंच मिळतं.

इस्त्री

पातळ सुती फडका ओला करून पिळून प्लीटवर पसरायचा आणि इस्त्री दाबून ठेवायची, पुढेमागे ओढायची नाही, उचलून पुढच्या जागी दाबायची. फडका कोरडा होईपर्यंत. मग सगळ्यात महत्त्वाचं, कापड तिथेच पूर्ण गार होऊ द्यायचं, गरम असताना उचललं तर टेरिकॉटमधली घडी अर्धवट बसते कारण ती गार होतानाच पक्की होते. फडक्याच्या पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर घातला तर घडी जास्त टोकदार येते असा पुष्कळ जणींचा अनुभव आहे, आधी उरलेल्या तुकड्यावर रंग उतरत नाही ना बघा. सुलटीकडून झालं की उलटीकडूनही एकदा, तेव्हा आतल्या घडीखाली कागदाची पट्टी सारा म्हणजे तिचा वळ समोर उठत नाही.

इस्त्री झाली की वाटलं तर कमरेपासून चारपाच इंच प्लीटच्या कडेला टीप मारून घ्या. पोट असलेल्यांना हे चांगलं दिसतं, प्लीट्स वर शांत बसतात आणि खाली मोकळ्या पडतात.

चेन आणि पट्टी

शेवटचा जोड खालून वर शिवत या आणि वरचे ७ इंच सोडा, तिथे ७ इंची चेन. जोड आतल्या घडीत असल्यामुळे चेन प्लीटच्या आत लपते, त्यामुळे महागडी अदृश्य चेन लागत नाही, साधी चालते. ही बाजू डाव्या कुशीला घ्या. घेराची राहिलेली दुमड आता पूर्ण करा.

कमरपट्टी ३४ इंच लांब आणि ४ इंच रुंद कापा, आत दीड इंचाचा बकरम, म्हणजे ताठपणासाठी लावायचं कडक कापड, चिकटवा. कमरेचे ३०, आणि चेनच्या आतल्या बाजूला सव्वादोन इंच जास्तीचे जे प्लीटखाली जातात आणि त्यावर हूक लागतो. पट्टी लावताना सुलट बाजू सुलटीवर, धावदोऱ्याच्या बरोबर खालून टीप. इथे थर खूप असतात म्हणून सुई १६ नंबरची, टाका जरा मोठा, आणि जाड जागी हाताने चाक फिरवून पुढे न्या. मग पट्टी उलटून आत हातशिलाई, दोन हूक, धावदोरे काढा.

आतली घडी खाली घेरापाशी बाहेर उसळत असेल, विशेषतः जोडाच्या जागी, तर उलटीकडून त्या आतल्या घडीच्या अगदी काठावर खालचे दीडदोन इंच एक बारीक टीप मारा. समोरून दिसत नाही आणि प्लीट कायमची जागेवर राहते, तयार चांगल्या स्कर्टमध्ये आतून बघा, अशी टीप दिसेल.

धुताना मशीनमध्ये टाकायचाच असेल तर आधी खाली घेरापाशी मोठा धावदोरा घालून प्लीट्स बांधा, पिळू नका, कमरपट्टीला चिमटे लावून ओलाच उभा वाळत घाला, निम्मं काम पाण्याच्या वजनानेच होतं. प्रवासात न्यायचा असेल तर उभा धरून प्लीट्स मिटवून लांब गुंडाळी करा आणि जुन्या मोठ्या मोज्याचा पंजा कापून त्यात सरकवा. आणि मुलीसाठी शिवत असाल तर खाली दुमड २ ऐवजी ४ इंचांची ठेवा, पुढच्या जूनमध्ये उसवून खाली सोडता येते, जुन्या दुमडीची रेघ व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने आणि इस्त्रीने बरीचशी जाते.